बुद्धिमत्तेचे पुस्तक आणि सकाळची पोटदुखी

पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याची मुले येतात आणि दिवाळीची सुट्टी संपली की पोटदुखीची येऊ लागतात. दुखणे बेंबीभोवती असते, सकाळी किंवा संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी असते आणि गावच्या जत्रेत कधीच नसते. ताप नाही, जुलाब नाहीत, वजन वयाप्रमाणे आहे. जंताचे औषध देऊन झालेले असते, लघवी तपासलेली असते, हल्ली तर सोनोग्राफीचा कागदही बरोबर असतो. असे मूल तपासून झाले की मी पालकांना विचारतो, 'सध्या घरी कुठले पुस्तक सोडवायला घेतले आहे?' पालक गोंधळतात. पोटाचा आणि पुस्तकाचा काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. पण पुढच्या खेपेला ते पुस्तक घेऊन येतात आणि सात वर्षांच्या मुलासाठी आणलेल्या पिशवीतून पाचवीच्या शिष्यवृत्तीचे बुद्धिमत्ता चाचणीचे जाडजूड मार्गदर्शक बाहेर निघते.

आज या पुस्तकांविषयीच लिहायचे आहे. लहान मुलाला तर्काचे, कोड्यांचे पुस्तक किती अवघड द्यावे, हा प्रश्न शिक्षकांचा आहे असे कोणी म्हणेल. मीही मानसशास्त्रज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु चुकीच्या पुस्तकाचा परिणाम पोटावर, झोपेवर आणि डोळ्यांवर झाला की ते मूल माझ्याकडेच येते.

सातारा-सांगली भागात या पुस्तकांना एवढी मागणी का, हे सर्वांना माहीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्रात १९५४-५५ पासून सुरू आहे. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती, २०१७ पासून पाचवी-आठवीला होऊ लागली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचे ठरवले. पाचवीच्या परीक्षेत एकूण ३०० गुणांपैकी १०० गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीचे असत. त्यात साताऱ्याची सैनिक शाळा, जी १९६१ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली सैनिक शाळा होय, आणि खावली व पलूस येथील नवोदय विद्यालये आपल्या दाराशी. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे आहेत. शेतकऱ्याच्या, शिपायाच्या मुलाला चांगल्या शाळेत नेणारी ही दारे आहेत. त्यासाठी धडपडणाऱ्या पालकांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

मात्र या सर्व परीक्षा नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या आहेत. त्यांची पुस्तके खाली सरकत सरकत आता पहिली-दुसरीच्या, क्वचित बालवाडीच्या मुलांपर्यंत आली आहेत. 'पाया लवकर पक्का झाला पाहिजे' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो.

घरी बसवून शिकवण्याची सवय आपल्याकडे एरवी नव्हती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. तेवढ्या काळात घरोघरी आई, आजोबा, मोठी बहीण शिक्षक झाले. त्या दिवसांत घरात आलेले सरावसंच आणि मोबाईलवर आलेल्या कोड्यांच्या फाईली शाळा उघडल्यावरही राहिल्या. काही थोडी कुटुंबे तर मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत, त्या द्यायच्या असे त्यांचे गणित असते. दीर्घ आजारामुळे चार-सहा महिने घरी राहिलेली मुलेही याच गटात येतात. या मुलांच्या बाबतीत पुस्तकाची निवड अधिक जोखमीची असते. शाळेत बाईंना चाळीस मुले दिसतात, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला साधारण काय जमते याचा अंदाज असतो. घरी एकच मूल समोर असते आणि मोजपट्टी म्हणून फक्त मुखपृष्ठावर छापलेली इयत्ता.

ती छापलेली इयत्ता फार विश्वासाची नसते. एका प्रकाशकाचे 'दुसरीसाठी' दुसऱ्याच्या 'चौथीसाठी'पेक्षा अवघड असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. पुस्तक अवघड असले की ते चांगले असणार, अशी आपली समजूत असते आणि दुकानदारालाही ती ठाऊक असते.

आता पोटदुखीकडे वळू. हे दुखणे खोटे नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे. 'नाटक करतोय' असे म्हणून मुलाला दटावणे अन्यायाचे आहे. आतड्यांना स्वतःच्या मज्जातंतूंचे मोठे जाळे असते आणि ते मेंदूशी जोडलेले असते. भीती वाटली की मोठ्या माणसालाही शौचाला लागते, तोच प्रकार लहानांत कळा येण्याच्या रूपाने दिसतो. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहा मुलांमागे साधारण एकाला वारंवार पोटदुखी होत होती आणि अशा मुलांपैकी फारच थोड्यांत पोटाचा प्रत्यक्ष आजार सापडला. अ‍ॅपली यांचे आणखी एक निरीक्षण डॉक्टर मंडळी आजही वापरतात : दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आजाराची शंका अधिक.

म्हणून सर्व दोष पुस्तकावर टाकून मोकळे होऊ नये. मूल झोपेतून दुखून उठते, वजन घटते किंवा वाढत नाही, ताप येतो, वारंवार उलट्या होतात, शौचातून रक्त पडते, लघवीला जळजळते, दुखणे उजवीकडे खाली सरकते, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी पाहावे. आपल्या भागात ते फार आहे आणि शाळेत शौचालयास जायला लाजणाऱ्या मुलींत अधिक आहे. हे सर्व नाही असे ठरले, मग पुस्तकाकडे वळावे. पुस्तक बदलल्यावर माझ्या अनुभवात दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. न पडल्यास मूल पुन्हा तपासणीस आणावे.

पोटाखेरीज इतर खुणाही असतात. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. नखे खाल्ली जातात. डोळे मिचकावण्याची सवय लागते. झोप कमी होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी. पहाटे पाचला उठवून कोडी सोडवून घेणाऱ्या घरात ती सातावर आलेली असते आणि झोप अपुरी असलेल्या मुलाला सोपे कोडेही सुटत नाही. मग घरचे म्हणतात, अजून लवकर उठवू.

गेल्या हिवाळ्यात कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक नातीला घेऊन आले होते. नात साडेसहा वर्षांची. 'डॉक्टरसाहेब, पोरगी लई हुशार हाय, पण पुस्तक काढलं की तिच्या पोटात कळ येतीया,' असे आजी म्हणाल्या. आजोबांनी पुस्तक दाखवले. प्रश्न होता दिशांचा : एक माणूस उत्तरेकडे तोंड करून पाच मीटर चालतो, उजवीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे वळतो, आता त्याचे तोंड कोणत्या दिशेला. मी मुलीला तिचा उजवा हात विचारला, तिने बरोबर दाखवला. मग तिच्यासमोर उभे राहून माझा उजवा हात विचारला, तिने डावा दाखवला. यात तिची हुशारी कमी नव्हती. स्वतःचे डावे-उजवे साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पक्के होते. समोरच्या माणसाचे डावे-उजवे त्याच्या जागी जाऊन पाहावे लागते आणि ते बहुधा आठव्या वर्षाच्या आसपास जमते. कागदावरच्या माणसाबरोबर मनातल्या मनात वळणे तर त्याहून पुढचे. आजोबा तिला दोन महिने रोज तोच धडा शिकवत होते. मी सुचवले की पुस्तक मिटून अंगणात जा, तिलाच चालायला लावा आणि वळायला सांगा. सूर्य उगवतो ती बाजू तिला ठाऊक होतीच.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येतो. पुस्तकाची योग्य पातळी मुलाच्या वयावरून किंवा छापलेल्या इयत्तेवरून ठरत नाही. ती मुलाने प्रत्यक्ष काय सोडवले यावरून ठरते आणि हे ठरवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीची पहिली उपयोगी चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. हुशार मुलांची क्रमवारी लावण्यासाठी ती केलेली नव्हती. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' या नावाने ती आजही मानसतज्ज्ञ वापरतात. सांगली-मिरजेच्या इतक्या जवळच्या भाषाप्रदेशात हे मोठे काम झाले आणि आपल्याला त्याची फारशी माहिती नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्या चाचणीत प्रश्न वयाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेले असतात. तपासणारा आधी खाली उतरतो आणि मूल ज्या पायरीवरचे सर्व प्रश्न सोडवते ती पायरी शोधतो. तेथून एकेक पायरी वर जातो. जेथे एकही प्रश्न सुटत नाही तेथे थांबतो. मुलाची शिकण्याची जागा या दोन पायऱ्यांच्या मध्ये असते. रशियातील मानसतज्ज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी नेमका याच मधल्या पट्ट्यावर भर दिला होता : जे मुलाला एकट्याला जमत नाही, पण मोठ्यांनी थोडे बोट धरले की जमते, तेथे शिकणे होते.

घरी चाचणी घेऊन बुद्ध्यांक काढण्याच्या फंदात पडू नये, ते तज्ज्ञांचे काम आहे. पुस्तकाच्या शेवटी 'इतके गुण म्हणजे इतका बुद्ध्यांक' असा तक्ता असल्यास ते पान खुशाल फाडून टाकावे. परंतु पायऱ्या शोधण्याची युक्ती आपण उसनी घेऊ शकतो. एकाच मालिकेच्या तीन पातळ्यांची पुस्तके शेजारपाजाऱ्यांकडून, वाचनालयातून मिळवा, किंवा प्रत्येकातील एक पान झेरॉक्स करून आणा. मुखपृष्ठावर आपल्या मुलाची जी इयत्ता आहे तिच्या एक पायरी खालून सुरुवात करा. दहा प्रश्न, घड्याळ न लावता, मूल ताजेतवाने असताना. सात वर्षांखालील मुलाने बोट ठेवून किंवा तोंडी उत्तर द्यावे, कारण त्या वयात पेन्सिल सांभाळण्यातच निम्मी शक्ती जाते. नऊ-दहा बरोबर आले तर हा मुलाचा ओटा समजा. दुसऱ्या दिवशी वरची पातळी. जेथे सात किंवा आठ बरोबर येतील, ते पुस्तक घ्यावे. पाच किंवा कमी आले तर ते पुस्तक सहा महिने कपाटात.

पाच म्हणजे निम्मे, ते काही वाईट नाही, असे पालक म्हणतात. येथे थोडा हिशेब पाहा. या पुस्तकांत बहुधा चार पर्याय असतात. काहीही न समजता मुलाने डोळे मिटून खुणा केल्या तरी चारांत एक बरोबर येतो. म्हणजे दहापैकी पाच बरोबर आले तर त्यांतले खरे समजलेले तीनच्या आसपास असतात, बाकीचे नशिबाचे. दहांतले सात कोडी ज्याला कळत नाहीत त्याला आपण रोज तासभर त्याच पानापुढे बसवतो आणि वर विचारतो, लक्ष कुठे आहे तुझे.

सहा बरोबर आले तर काय करावे? चुकलेले चार प्रश्न कोणते ते पाहावे. सर्व एकाच प्रकारचे असतील तर पुस्तक चालेल, तो एक प्रकार तेवढा पुढे ढकलावा. विखुरलेले असतील तर खालची पातळी घ्यावी.

गुणांपेक्षा मुलाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मूल विचार करत असते तेव्हा त्याची नजर कागदावर असते. अवघड झाले की ती आईच्या चेहऱ्यावर जाते. मूल एका पर्यायावर बोट ठेवते, आईच्या भुवया पाहते आणि बोट पुढच्या पर्यायावर सरकवते. हे मी दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे आणि माउलीला वाटत असते की मुलाला उत्तर सापडले. म्हणून बरोबर उत्तरालाही एकदा विचारावे, 'कसं काढलंस, मला सांग बघू.' सांगता आले नाही तरी रागावू नये, फक्त ते उत्तर मोजू नये. वारंवार 'झालं का?' विचारणे, पाणी-शू करत उठणे, पेन्सिलीचे टोक चावणे, कुठल्याही प्रश्नाला एकच पर्याय सांगत सुटणे याही त्याच खुणा.

पुस्तक फार सोपे असले तर? त्याने पोट दुखत नाही, मूल कंटाळते एवढेच. सलग तीन दिवस दहाच्या दहा आले की वर सरकावे. चढण्याची घाई मुलाने करावी, आपण करू नये.

आता कोणत्या वयाला काय झेपते याविषयी, ढोबळ मानाने. मुलामुलांत वर्ष-दीड वर्षाचा फरक नेहमी असतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला पुस्तकच नको, असे माझे स्पष्ट मत आहे. चिंचोके, बांगड्या, बाटल्यांची झाकणे, शेंगा यांचे रंगाने, आकाराने गट करणे, लाल-लाल-निळे असा हार ओवत पुढचे काय ते सांगणे, हाच त्या वयाचा तर्क. पाच-सहा वर्षांला चित्रांचे पुस्तक चालते : गटात न बसणारे ओळखणे, जोड्या लावणे, चार चित्रे गोष्टीच्या क्रमाने मांडणे, वाट शोधणे. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पुरे. सात-आठला संख्यामालिका, सोपे समसंबंध, 'आशा उषापेक्षा उंच, उषा निशापेक्षा उंच' असे प्रश्न येऊ शकतात. पण येथे तर्काइतकीच स्मरणाची मर्यादा आहे. बिने परंपरेच्या चाचण्यांत चार वर्षांच्या मुलाने चार, सात वर्षांच्याने पाच आणि दहा वर्षांच्याने सहा अंक ऐकून परत म्हणावेत अशी अपेक्षा असते. सात वर्षांच्या मुलाला सहा माणसांच्या रांगेचे पाच अटींचे कोडे घातले तर शेवटची अट ऐकेपर्यंत पहिली निसटलेली असते. तेच कोडे सहा बटाटे मांडून विचारले तर सुटते, कारण लक्षात ठेवायचे काम बटाटे करतात. 'सर्व अमुक तमुक आहेत, काही तमुक ढमुक आहेत, तर' या धर्तीची विधाने, पाण्यातील प्रतिबिंबे आणि आरशातील घड्याळे ही दहाच्या पुढची. स्वित्झर्लंडचे जीन पियाजे यांनी आयुष्यभर मुलांचे निरीक्षण करून सांगितले की निव्वळ शब्दांवरचा, वस्तू समोर नसलेला तर्क अकरा-बाराच्या सुमारास येऊ लागतो.

काही प्रश्न वरवर तर्काचे दिसतात पण तपासतात भलतेच. सांकेतिक भाषेचा प्रश्न घ्या. ज्याला इंग्रजी अक्षरांचा क्रम पाठ नाही त्याला तो सुटणार नाही, मग तर्क कितीही तल्लख असो. तासगाव भागातील एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घरीच शिकवते. 'वर्गीकरण' या धड्यात तो सगळे चुकतो म्हणून ती काळजीत होती. घरचा बेदाणा आहे. तो मुलगा शेडमध्ये बसून हिरवा, पिवळा, काळा असे रंग आणि त्यात पुन्हा जाड-बारीक असे ढीग भराभर लावतो, हे तिनेच बोलता बोलता सांगितले. एकाच वेळी दोन कसोट्यांवर गट पाडणे म्हणजे वर्गीकरणच. पुस्तकातली वाक्ये लांब होती आणि त्याचे वाचन अजून अडखळत होते. तिने प्रश्न स्वतः वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा दहापैकी आठ येऊ लागले.

नातेसंबंधाच्या प्रश्नांचे उलट आहे. आत्या, मावशी, मामी, काकू हे वेगळे शब्द रोज वापरणारे एकत्र कुटुंबातले मूल हे प्रश्न लवकर सोडवते. प्रत्येक बाईला 'आंटी' म्हणणाऱ्या मुलाला ते जड जातात. पियाजे लहान मुलांना विचारत असत : तुला भाऊ आहे का? आहे. मग त्या भावाला भाऊ आहे का? बरीच लहान मुले नाही म्हणत. आपल्या घरी विचारून पाहा, पाच वर्षांचे मूल काय म्हणते ते.

पुस्तकाशिवायही पुष्कळ आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्यात कोडी असतात. वाघ-बकरी आणि नवकाकरीचे पट जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेले दिसतात, खडूने फरशीवरही काढता येतात. सांगली तर बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने कित्येक पिढ्यांना पटावर बसवले. लहान मुलाला बुद्धिबळ शिकवताना आधी फक्त प्याद्यांचा डाव लावावा, मग एकेक मोहरा वाढवावा. सोळा मोहरे पहिल्याच दिवशी समोर मांडले तर मूल उठून जाते. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

पुस्तक विकत घेताना आतली छपाई पाहावी. स्वस्त आवृत्त्यांत आकृत्यांच्या रेघा आणि छटा पुसट झालेल्या असतात, चारपैकी दोन पर्याय सारखेच दिसतात. मोठ्यांनी एक पान आधी स्वतः सोडवावे. उत्तरसूचीतही चुका असतात आणि बरोबर उत्तराला चूक ठरवले गेलेले मूल पुढे बोलत नाही. मोबाईलच्या पडद्यावर आकृत्यांचे प्रश्न सोडवून घेऊ नयेत. त्या लहान असतात, मूल पडदा नाकाशी नेते. रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत चष्म्याचा नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते, तेव्हा खेळाचा तास कापून कोड्यांना देणे दुहेरी तोट्याचे आहे.

शेवटी, मूल नेमके कशात चुकते यावरून डॉक्टरला पुष्कळ कळते. पलूसकडचा दुसरीतला एक मुलगा शब्दांची कोडी झटपट सोडवी आणि आकृत्यांत मात्र सारखा चुके. 'मन लावत नाही' असा त्याच्यावर शिक्का बसला होता. दोन फुटांवरचे चित्र तो डोळे बारीक करून पाहत होता. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. तोंडी विचारल्यावर नीट सांगणारे पण वाचून सोडवताना अडखळणारे मूल आठ वर्षांचे झाले तरी तसेच राहिले, तर वाचनक्षमतेची तपासणी करून घ्यावी. सांगितलेली अट पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या मुलाचे कान पाहावेत, विशेषतः कान फुटण्याचा त्रास झालेला असल्यास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत येऊन मुले तपासतात. जी मुले घरी शिकतात त्यांची ही तपासणी आपोआप होत नाही, त्यांच्या पालकांनी ती वर्षातून एकदा स्वतः करवून घ्यावी.

डोळ्यांची एक साधी चाचणी आज संध्याकाळीच करता येईल. भिंतीवरचे कॅलेंडर दहा फुटांवरून मुलाला वाचायला किंवा त्यातले चित्र सांगायला लावावे, एकदा उजवा डोळा तळहाताने झाकून आणि एकदा डावा. एक डोळा जन्मतः अधू असेल तर मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्याने त्याचे भागत असते, आणि असा डोळा सात-आठ वर्षांच्या आत उपचारात आला तर सुधारण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. एक डोळा झाकल्यावर मूल चिडून आपला हात बाजूला सारू लागले, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.